छतावरचा एसी कोण तपासणार?

रात्री दहानंतर पुणे–सातारा महामार्गाचे रूप पालटते. दिवसाची मोटारींची वर्दळ ओसरते आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव, गोवा, हुबळी, बंगळूर अशा गावांच्या पाट्या मिरवणाऱ्या खासगी आरामगाड्यांची रांग सुरू होते. भोर तालुक्यातील शिवरे हे याच महामार्गालगतचे गाव. उत्तरेला खेड शिवापूरचा टोलनाका, दक्षिणेला नसरापूर फाटा आणि तेथून वेल्ह्याकडे वळणारा रस्ता. रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या माणसाला या गाड्या एकसारख्याच दिसतात. उंच बांधणी, काळपट बंद काचा, मागे रंगीत दिव्यांची आरास आणि छतावर एक फुगीर पांढरा डबा. हा डबा म्हणजे वातानुकूलन यंत्र. तो छताच्या मध्यावर आहे, पुढे आहे की अगदी मागच्या कडेला, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रवाशाला गारवा मिळाल्याशी मतलब असतो आणि तो मिळत असतो.

वस्तुतः त्या डब्याच्या जागेला बरेच महत्त्व आहे. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तो जिथे होता तिथेच आज आहे का, की मधल्या काळात कोण्या कार्यशाळेत तो हलवला गेला, किंवा मुळात नव्हताच आणि नंतर बसवला गेला, या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या कागदपत्रांत बहुधा सापडत नाही. गेल्या काही वर्षांत देशभर बसना लागलेल्या आगींनंतर जे तपास झाले, त्यांत मात्र हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुढे येत राहिला आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी राजस्थानात जैसलमेरहून जोधपूरकडे निघालेल्या वातानुकूलित स्लीपर बसने शहराबाहेर पडताच पेट घेतला आणि वीसहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. गाडी अगदी नवी होती. साधी, म्हणजे वातानुकूलन नसलेली म्हणून नोंदली गेलेली ही बस नंतर वातानुकूलित करण्यात आल्याचे तपासात पुढे आले आणि त्या यंत्रणेच्या वायरिंगवर संशय व्यक्त झाला. त्यानंतर दहाच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, हैदराबादहून बंगळूरला जाणारी बस आंध्र प्रदेशात कर्नूलजवळ रस्त्यावर पडलेल्या मोटारसायकलवरून गेली व पेटली. १९ प्रवासी दगावले. येथे आगीचे तात्कालिक कारण वेगळे होते. परंतु ही गाडी आधी दमण-दीवमध्ये आणि नंतर ओडिशात नोंदली गेली होती आणि कागदोपत्री आसनांची असताना शायिकांची म्हणून धावत होती, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईकडे निघालेल्या बसची ट्रकशी टक्कर होऊन लागलेल्या आगीत १२ जणांचा बळी गेला. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला येणारी बस उलटून पेटली आणि २५ जण होरपळून मेले.

या चारही घटनांचे खापर वातानुकूलन यंत्रावर फोडणे चुकीचे ठरेल. सिंदखेडराजाची बस आदळून उलटली, नाशिकची ट्रकशी भिडली. आग कशाने लागते आणि आग लागल्यावर माणसे बाहेर का पडू शकत नाहीत, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. छतावरच्या डब्याची जागा बदलणे ही अशी एकच कृती आहे, की जिचा संबंध या दोन्ही प्रश्नांशी येतो. म्हणूनच तिच्याकडे बारकाईने पाहावे लागते.

मुळात एसी हलवण्याची गरज का पडते? आसनांची बस शायिकांची करायची असली, तर वरच्या शायिकेवर झोपलेल्या माणसाचे डोके छताच्या अगदी जवळ येते. खिडक्यांच्या वरून जाणारी हवेची नळी तेथे आडवी येते, ती कापावी लागते, नव्याने फिरवावी लागते. हवा आत ओढण्याची जाळी छताच्या मध्यावर असते. मधल्या वाटेची रुंदी बदलली, की तीही सरकवावी लागते. काही मालकांना छतावर माल लादण्यासाठी मोकळी जागा हवी असते, म्हणून यंत्र मागे ढकलले जाते. जुने यंत्र निकामी झाले आणि दुसऱ्या मोडीत काढलेल्या गाडीचे स्वस्तात मिळाले, तर त्याच्या बैठकीची भोके जुन्या भोकांशी जुळत नाहीत आणि छतात नवी पाडावी लागतात. याखेरीज साध्या गाडीला वातानुकूलित करण्याचे काम आहेच. तिकिटांच्या संकेतस्थळांवर ‘एसी स्लीपर’ या दोन शब्दांना जो भाव मिळतो, तो साध्या गाडीला मिळत नाही. कोणताही व्यावसायिक हा हिशेब करणारच.

हे काम करणारे कारागीर अडाणी असतात, असे मात्र समजू नये. वाकलेला पत्रा हातोडीच्या ठोक्यांनी सरळ करणारा किंवा वेल्डिंगची ओळ डोळ्यांनी जोखणारा माणूस आपल्या कामात तरबेजच असतो. अडचण आहे ती त्याच्यासमोर गाडीचा मूळ आराखडा नसतो ही. कुठला पाइप छताचा भार पेलतो, कुठल्या वायरीवर आधीच किती भार आहे, हे त्याला सांगणारा कागद त्या कार्यशाळेत नसतो.

मोठ्या बसचे वातानुकूलन यंत्र घरातल्या एसीसारखे विजेवर चालत नाही. त्याचा कंप्रेसर इंजिनाला पट्ट्याने जोडलेला असतो आणि तो इंजिनाची दहा-पंधरा अश्वशक्ती सहज खातो. छतावरच्या डब्यात वायू थंड करणारी जाळी, आतली हवा गार करणारी जाळी आणि त्यांचे पंखे असतात. हे पंखे मात्र गाडीच्या २४ व्होल्टच्या विजेवर चालतात आणि सारे पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले, की १०० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतात. घरातल्या दोन-अडीच इस्त्र्यांना लागते तेवढीच ही शक्ती. परंतु घरात २३० व्होल्ट असल्याने तीच शक्ती दहा-अकरा अँपिअरमध्ये मिळते. बसमध्ये व्होल्ट कमी, म्हणून प्रवाह दहापट. वायरीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे शाळेतले सूत्र येथे अक्षरशः जिवावर बेतते.

समजा, यंत्र चार मीटर मागे किंवा पुढे सरकवले. जुनी केबल आता पुरत नाही. तिला तुकडा जोडला जातो. हा सांधा कारखान्यातील यंत्राने दाबून बसवलेला नसेल, हाताने पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला असेल, तर तेथे थोडा रोध निर्माण होतो. एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच तो असला, तरी १०० अँपिअर प्रवाहाला त्या एका ठिकाणी १०० वॉट उष्णता तयार होते. जुन्या काळच्या शंभर वॉटच्या दिव्याला हात लावून पाहिलेल्यांना तिची कल्पना येईल. हा ‘दिवा’ मात्र छताच्या अस्तरात, फोम आणि प्लायवूडच्या मधोमध, रात्रभर जळत असतो. विशेष म्हणजे यात फ्यूज उडत नाही. फ्यूज उडतो तो प्रवाह वाढल्यावर. येथे प्रवाह वाढलेलाच नसतो. पंख्यांना एखादा व्होल्ट कमी मिळतो, त्यामुळे त्यांचा वेग किंचित मंदावतो, चालकाच्या ते ध्यानात येत नाही आणि प्रवाशाच्या तर नाहीच नाही. साध्या गाडीचा अल्टरनेटर मुळात एवढ्या भारासाठी दिलेला नसतो. तो बदलला आणि बॅटरीपासूनच्या वायरी त्याच ठेवल्या, तर धोका कमी होण्याऐवजी वाढतो.

वायूच्या नळ्यांची कथा याहून वेगळी नाही. कंप्रेसरपासून छतापर्यंत जाणाऱ्या नळीत भर उन्हाळ्यात बसच्या टायरमधील हवेच्या सुमारे दुप्पट दाब असतो. या यंत्रांत सहसा वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू सहजी पेटत नाही, हे खरे. परंतु त्याच्याबरोबर फिरणारे वंगण तेल पेटते. वायू आगीत सापडला, की त्यापासून अत्यंत विषारी धूर बनतो. मागे इंजिन असलेल्या गाडीत नळीची वाट बदलली आणि ती टर्बोच्या वा धूर सोडणाऱ्या पाइपच्या शेजारून गेली, तर घासून पडलेले बारीक छिद्रही पुरे होते. कात्रज आणि खंबाटकीच्या चढावर इंजिन आणि एसी दोन्ही पूर्ण ताकदीने चालत असतात. शिवरे या दोन घाटांच्या मध्ये आहे.

छतात पाडलेली जुनी भोके पत्रा लावून आणि सिलिकॉन भरून बंद केली जातात. भोर-वेल्ह्याचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना असे सिलिकॉन किती पावसाळे टिकते हे सांगण्याची गरज नाही. छतातून झिरपलेले पाणी वायरींच्या जुडग्यापर्यंत पोचते आणि गाडी उन्हाळ्यात तापलेली असतानाच आग लागेल, ही समजूत तेथे खोटी ठरते.

या यंत्राचे वजनही दीड-दोनशे किलोच्या घरात असते आणि ते जमिनीपासून साडेतीन मीटर उंचीवर बसलेले असते. बस उलटली तर छताचा सांगाडा किती दबावा, याची कसोटी एआयएस-०३१ या मानकात दिलेली आहे. ही कसोटी विशिष्ट सांगाड्याला आणि विशिष्ट वजनाला लावून उत्तीर्ण झालेली असते. त्यातील एखादा आडवा पाइप नव्या भोकासाठी कापला आणि वजन दोन पाइप पलीकडे नेले, की प्रमाणपत्र ज्या गाडीला मिळाले ती गाडी उरत नाही. नंबर मात्र तोच राहतो.

सर्वांत गंभीर बाब बाहेर पडण्याच्या वाटेची. वातानुकूलित बसच्या काचा उघडत नाहीत. संकटकाळी बाहेर पडण्यासाठी दार, मागील किंवा उजव्या बाजूचे आपत्कालीन दार, हातोडीने फोडायच्या काचा आणि छतावरील झडपा असे मार्ग नियमांत आहेत. गाडी चार चाकांवर उभी असताना छतावरच्या झडपेचा उपयोग काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सिंदखेडराजा येथे बस डाव्या कुशीवर पडली. दार त्याच बाजूला, म्हणजे जमिनीखाली दबले. उजव्या बाजूच्या खिडक्या डोक्यावर गेल्या, जेथे अंधारात आणि धुरात चढून पोचणे बहुतेकांना अशक्यच. अशा वेळी छत भिंतीसारखे उभे राहते आणि त्यावरील झडप कमरेच्या उंचीवरचे दार बनते. बस उलटली की सर्वांत सोयीची वाट हीच. नेमक्या याच जागेवर सरकवलेला एसी येऊन बसला, किंवा झडपेखालून हवेची नळी नेली गेली, तर ती वाट नकाशावर राहते आणि गाडीत राहत नाही. बाहेरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला झडपेचे झाकण दिसते. ते आतून उघडते का, हे तो शायिकेवर चढून पाहील तेव्हाच कळेल.

धुराचेही तेच. वातानुकूलन यंत्र आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवते. छताजवळ धूर साठला, की हेच यंत्र तो प्रत्येक शायिकेच्या तोंडाशी असलेल्या जाळीतून वाटत राहते, चालक कळ बंद करीपर्यंत. चालकाची केबिन आडव्या भिंतीने वेगळी केलेली असेल तर त्याला मागे काय चालले आहे हे उशिराच समजते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये लांब पल्ल्याच्या बस आणि शाळेच्या बसमध्ये, केवळ इंजिनाजवळ नव्हे तर प्रवासी कक्षातही, आगसूचक व अग्निरोधक यंत्रणा असावी असा निर्णय केला. आगीत माणसे जखमी होतात ती मुख्यतः कक्षातील उष्णतेमुळे आणि धुरामुळे, हे त्यामागचे कारण होते. ही यंत्रणा मूळ आराखड्याप्रमाणे बसवलेली असते. उष्णतेचा उगम एका जागेवरून दुसरीकडे नेला, की सूचक यंत्र जुन्याच जागी पहारा देत राहते.

आता कायद्याकडे वळू. कायदा येथे गप्प आहे, असे कोणालाही म्हणता येणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम आणखी ठळक केले. उत्पादकाच्या मूळ आराखड्याशी न जुळणारा बदल केलेल्या गाडीची नोंदणी करता येणार नाही, असा तो निकाल. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाह्य फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बस कशी बांधावी याची संहिता एआयएस-०५२ या मानकात आहे आणि शायिकांच्या बससाठी एआयएस-११९ आहे. ही मानके पुण्यात, ‘एआरएआय’ या संस्थेकडून प्रसिद्ध होतात. बसगाड्यांचा अभ्यास करणारी केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था, अर्थात ‘सीआयआरटी’, हीदेखील पुण्याचीच. शिवऱ्यावरून रात्री धावणाऱ्या गाड्यांचे नियम शिवऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर लिहिले जातात, ही गोष्ट पुणेकरांना सुखावणारी असली तरी तेवढ्याने काम भागत नाही.

कारण नियम लिहिणारा आणि नियम पाहणारा यांच्यामध्ये मोठी दरी आहे. गाडीची चासी एका राज्यात बनते, बॉडी दुसऱ्या राज्यात चढते, नोंदणी कर कमी असलेल्या तिसऱ्या राज्यात होते, अखिल भारतीय पर्यटन परवान्यावर ती चौथ्या राज्यात धावते आणि एसी हलवला जातो तो पाचव्याच ठिकाणी, मालकाच्या सोयीच्या कार्यशाळेत. ज्या कार्यालयाने नोंदणी केली, त्याने गाडी पुन्हा पाहिलेली नसते. ज्या कार्यालयाच्या हद्दीत ती रोज येते, त्याच्याकडे मूळ आराखडा नसतो. नव्या प्रवासी वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. या ‘पासिंग’मध्ये ब्रेक, दिवे, धूर, वेगमर्यादा यंत्र पाहिले जाते. स्वयंचलित चाचणी केंद्रांत हे काम यंत्रे करतात, त्यामुळे हातमिळवणीला वाव कमी होतो, ही स्वागतार्ह गोष्ट. पण यंत्र रोलरवर ब्रेक जोखते. छताचे अस्तर उसवून सांधा पाहत नाही. नोंदणीच्या संगणकीय अभिलेखात वाहन वातानुकूलित आहे किंवा नाही एवढीच नोंद असते. यंत्र कुठे आहे, कोणी बसवले, कोणत्या केबलवर चालते, याला तेथे रकाना नाही.

दंडाच्या रकमेचाही विचार व्हायला हवा. अनेक राज्यांत आसने की शायिका आणि साधी की वातानुकूलित, यानुसार कराचा हिशेब बदलतो. बदल लपवण्यात फायदा वर्षानुवर्षांचा आणि सापडलाच तर दंड पाच हजारांचा. कैदेची तरतूद कागदावर आहे. ती अपघातानंतरच आठवते.

सुधारणा होत नाहीत, असेही नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०२५ च्या अखेरीस नियमभंग करणाऱ्या स्लीपर बस रस्त्यावरून हटवण्यास राज्यांना सांगितले. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी स्लीपर बस यापुढे केवळ वाहन कंपन्या आणि केंद्राची मान्यता असलेले कारखानेच बांधतील, असे जाहीर केले. धावत असलेल्या स्लीपर बसमध्ये आगसूचक यंत्रणा, आपत्कालीन दिवे, हातोड्या आदी बसवण्याची सक्तीही त्यात आहे. दिशा योग्य आहे. चीनमध्ये २०११ साली हेनान प्रांतातील एका स्लीपर बसच्या आगीत ४१ जण मरण पावल्यानंतर पुढच्या वर्षीपासून नव्या स्लीपर बसची नोंदणीच थांबवण्यात आली. भारताने तेवढे टोक गाठलेले नाही. रेल्वेचे आरक्षण न मिळणाऱ्या लाखो प्रवाशांचा विचार करता ते व्यवहार्यही नाही.

तथापि या निर्णयाचा रोख नव्या गाडीवर आहे. बॉडी बांधणाऱ्याला मान्यता लागेल; बॉडीत बदल करणाऱ्याचे काय? मान्यताप्राप्त कारखान्यातून निर्दोष बाहेर पडलेली बस दोन वर्षांनी गल्लीतल्या कार्यशाळेत गेली आणि तिचा एसी तीन मीटर सरकला, तर मान्यतेचा शिक्का तिला वाचवणार नाही. आणि जुन्या गाडीत नव्याने आगसूचक यंत्रणा बसवण्याचे काम पुन्हा त्याच कार्यशाळेकडे जाणार असेल, तर आणखी काही वायरी, आणखी काही सांधे आणि आणखी एक भोक, एवढीच भर पडण्याचा धोका आहे. बॉडी बांधणाऱ्या छोट्या कारागिरांच्या रोजगारावरही या निर्णयाने गदा येणार. त्यांना परवाना देऊन, आराखडे पुरवून, केलेल्या प्रत्येक बदलावर सही करायला लावून व्यवस्थेत आणणे हा पर्याय अधिक शहाणपणाचा ठरला असता. कारण काम बंद होत नाही. ते फक्त पाटी न लावलेल्या शेडमध्ये जाते.

बदललेली बस ही कल्पनाच वाईट, असा निष्कर्ष यातून काढू नये. पुण्यातच पीएमपीच्या मोडीत निघालेल्या बस स्त्रियांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहे म्हणून उभ्या राहिल्या. २०२० च्या टाळेबंदीत एसटीने जुन्या प्रवासी गाड्यांचे मालवाहू ट्रक करून ‘महाकार्गो’ चालवली. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी बांधल्या जातात, तेथे बदलाचा आराखडा असतो, जबाबदार अभियंता असतो, कागद असतो. अमेरिकेत जुनी शाळेची बस विकत घेऊन तिचे घर करणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. पलंगासाठी जागा करताना छताखालचे एसी काढून दुसरीकडे बसवणे हा त्यांच्यातील नेहमीचा खटाटोप. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी अशी फिरती घरे उभी राहिलेली दिसली तर नवल नाही. मात्र फिरत्या घराचा मालक ज्या सांध्याखाली झोपतो तो सांधा त्याने स्वतः करवून घेतलेला असतो. प्रवासी बसमध्ये सांधा एकाचा, नफा दुसऱ्याचा आणि झोप तिसऱ्याची असते. दोन्हींना एकाच कलमाने मोजण्यापेक्षा भाडे घेऊन माणसे वाहणाऱ्या गाडीवरील बदलासाठी वेगळी, कठोर व्यवस्था असणे न्याय्य ठरेल.

ती व्यवस्था फार खर्चिक असण्याचे कारण नाही. कारखान्यातून निघताना प्रत्येक बसच्या छताचा आराखडा (यंत्र कुठे, झडपा कुठे, मुख्य केबल कुठून) नोंदणीच्या अभिलेखाला जोडता येईल आणि त्याची एक प्रत गाडीत, दाराजवळ लावता येईल. टोलनाक्यावर किंवा पासिंगच्या वेळी निरीक्षकाला छताकडे आणि चित्राकडे एकवार पाहिले की फरक कळेल. एसीच्या मुख्य सांध्यांजवळ अस्तरात उघडता येणारी छोटी खिडकी ठेवली, तर उष्णता मोजणारे हातातले साधे उपकरण तेथे धरून सांधा तापतो का, हे मिनिटभरात पाहता येते. कारखान्यांत विजेच्या पॅनेलची अशी तपासणी वर्षानुवर्षे होत आली आहे. बदल करायचाच असेल तर तो बॉडी बांधणाऱ्या मूळ कारखान्याच्या लेखी संमतीने व्हावा आणि बदलानंतर त्या एका गाडीची फेरतपासणी व्हावी. येत्या काळात हे अधिकच निकडीचे होणार आहे. १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची विजेवरील ‘शिवाई’ धावली, त्यानंतर ‘ई-शिवनेरी’ आली. विजेच्या बसमध्ये एसीचा कंप्रेसरही मुख्य बॅटरीवर चालतो आणि तेथील दाब २४ नव्हे, काही शे व्होल्टचा असतो. या गाड्या दहा वर्षांनी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातील तेव्हा छतावरचा डबा सरकवण्याची हौस कोणाला आली, तर चिकटपट्टीवर भागणार नाही.

तूर्त मात्र प्रश्न रस्त्यावर आज असलेल्या गाड्यांचा आहे. महामार्गावर अपघात झाला की अग्निशामक बंब येण्याआधी पोचतात ते जवळच्या गावचे लोक, ढाब्यावरची पोरे आणि मागून येणारे ट्रकचालक. त्यांच्या हातात पहार किंवा दगड असतो आणि काही मिनिटे असतात. सगळ्या बस एकाच आराखड्याच्या असत्या, तर कुठली काच फोडायची, कुठले झाकण खेचायचे, हे एकदा शिकून पुरले असते. एकीची झडप एसीखाली गेलेली, दुसरीच्या मागच्या दारासमोर शायिका ठोकलेली, तिसरीच्या काचेवर आतून प्लायवूड, अशी परिस्थिती असताना बाहेरून धावून आलेल्या माणसाने पहार कुठे घालायची, हे त्याला कोणीच सांगू शकत नाही. गाडीच्या उजव्या कुशीवर आणि छतावर, बाहेरून अंधारात चमकणाऱ्या रंगात, ‘येथून तोडा’ असा बाण रंगवायला फार खर्च येत नाही. मात्र त्या बाणाच्या मागे खरोखरच वाट आहे, याची हमी कोणीतरी आत चढून, हाताने झडप उघडून पाहिल्यावरच देऊ शकतो.